शंभरातून सात

ईशान आणि रेवा,

हे मी तुम्हाला आत्ता लिहिते आहे, कारण आत्ता मला लिहिता येतं. हे वाक्य घाबरवायला लिहिलेलं नाही. मी आधीपासून तयारी करून ठेवणारी बाई आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी माझी बॅग भरून दाराशी असते आणि तुमचे आजोबा येता-जाता तिला अडखळतात. तसंच हे समजा.

मागच्या वर्षी तुमची आई तुम्हाला ऑकलंडला बाबांकडे ठेवून एकटीच तडकाफडकी पुण्याला आली होती. तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं की आजीला बरं नाही. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तुमच्याशी संबंधित होतं, आणि ते तुम्हाला माझ्याकडून कळावं असं मला वाटतं. तुमच्या आईला विचारूनच लिहिते आहे.

माझी तपासणी होते त्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदा रुग्णांच्या घरच्यांची बैठक असते. तिथे नवीन आलेली माणसं फार भेदरलेली असतात. त्यांनाही हे वाचायला देणार आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही यात येतील, त्या सोडून पुढे जा.

आणि हो, इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. पण तुम्ही माझ्याशी इंग्रजीत बोलता आणि मी मराठीत उत्तर देते, हा आपला जुना करार आहे. जोडाक्षरांपाशी अडलात तर आईला विचारा.

पाणी आलं का?

माझ्या आईने, म्हणजे तुमच्या पणजीने, साठी ओलांडली आणि तिला पाण्याचं वेड लागलं. तेव्हा नळाला पाणी सकाळीच यायचं, म्हणून भरून ठेवायची सवय सगळ्यांनाच होती. पण आई हंडे-बादल्या झाल्यावर पातेली भरायला लागली. मग वाट्या, फुलपात्रं, शेवटी औषधाच्या बाटल्यांची झाकणं. घरात पाय ठेवायला जागा नसायची. दिवसभर एकच प्रश्न, "पाणी आलं का?" माझे वडील शांतपणे म्हणायचे, "आलं, गेलं, उद्या परत येईल."

या सगळ्याला तेव्हा नाव नव्हतं. कुणी म्हणायचं वय झालं, कुणी म्हणायचं चळ लागला. तिच्या थोरल्या भावाचं, माझ्या मामाचंही असंच झालं होतं, पण दोन्ही गोष्टी कुणी जोडून पाहिल्या नाहीत. कशी सुरुवात झाली, किती वेगाने वाढलं, याची कुणाकडेच नोंद नाही. मला एवढंच आठवतं की वाट्या भरायला लागल्यानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेले, तर तिने दार उघडून विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" अगदी आदराने, 'आपण' म्हणून.

पुढे माझ्या मनात बसलं ते 'तिसरी दिवाळी' हे माप.

दोन बस

माझं लक्षात यायला वेळ लागला. एकदा मी आमटीला दोनदा फोडणी दिली. आजोबा निमूट जेवले आणि हात धुताना म्हणाले, "पहिली रंगीत तालीम होती का?" एकदा वारज्याला मैत्रिणीकडे स्कूटरवरून जाताना चांदणी चौकातल्या पुलांवर भलतीकडे वळले आणि बऱ्याच वेळाने परत त्याच जागी आले. पण तिथे सगळं पुणंच चुकतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते सहलीमुळे. तुम्हाला माहीतच आहे, मी शाळेत उपमुख्याध्यापिका होते आणि सगळ्या शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं मी करत असे. कुठल्या तासाला कोण बाई कुठल्या वर्गावर, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. तर आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या सहलीचं वेळापत्रक मी केलं. आजोबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"वासंती, दोन बस एकाच वेळी निघतायत."

"बरं मग?"

"आणि परत एकही येत नाहीये. बायका तिकडेच ठेवायच्या असा ठराव झालाय का?"

मी हसले. मग कागद घेतला आणि दुरुस्त करायला बसले. दुपार गेली, तरी मला ते जमेना. त्या दिवशी मी स्वतःहून म्हणाले, आपण डॉक्टरांकडे जाऊ.

निदानाचा दिवस

मेंदूच्या डॉक्टरांनी घरात कुणाला असं होतं का, हे विचारलं. मी आई आणि मामा म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग मेंदूचे फोटो झाले, रक्त घेतलं गेलं, बरेच दिवस वाट पाहण्यात गेले. शेवटी आम्हा दोघांना समोर बसवून ते म्हणाले, "विस्मरणाच्या आजाराची सुरुवात झालेली आहे. आणि तुमच्या घराण्यात तो जनुकातून उतरतोय, हे आता नक्की झालं."

आजोबांनी विचारलं, "म्हणजे यात हिची काही चूक नाही?"

"अजिबात नाही."

"नाही, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच लेखी मिळतंय, म्हणून विचारलं."

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. मी मात्र हसले, आणि हसल्यामुळे मला विचारायचा होता तो प्रश्न विचारता आला. "माझी एकुलती एक मुलगी आहे. तिला?"

त्यांनी सरळ सांगितलं. तुमच्या आईकडे हा दोष आला असण्याची शक्यता निम्मी. आला असेल तर तिच्याकडून तुम्हा दोघांकडे येण्याची शक्यता पुन्हा प्रत्येकी निम्मी. पण तिच्याकडे आलाच नसेल, तर या वाटेने तो तुमच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. रक्त तपासून हे कळतं, पण तपासायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

माझ्या स्वतःच्या आजाराची भीती मला त्या खोलीत वाटलीच नाही. ती नंतर वाटली, रिक्षात. त्या खोलीत माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही दोघं होता. रेवाचे तेव्हा पुढचे दोन्ही दात पडलेले होते.

बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "डोसा खायचा का? काही खाऊ नका असं त्यांनी सांगितलेलं नाही." आम्ही डोसा खाल्ला. तो चांगला होता. असल्या दिवशी खाल्लेला पदार्थ चांगला लागू शकतो, हे नव्याने आलेल्यांना मी आवर्जून सांगते.

मुक्ताचं उत्तर

तुमच्या आईला, मुक्ताला, आम्ही फोनवर, समोरासमोर दिसत असताना सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुझं काय करायचं ते सगळं आपण करू. पण मला माझी टेस्ट करायची नाही. मला हे माहीत करून घ्यायचं नाहीये."

"बरं," मी म्हटलं.

"तुला राग आला?"

"नाही गं."

"तुझी दर वर्षी तपासणी होणार ना? ती बघू. तुझं हळू चाललं असेल तर मला घाई नाही. मला समजा असलंच, तर माझंही हळूच चालेल."

डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. हा तिचा स्वतःचा तर्क होता. पण मला तो मोडवेना, आणि तेव्हापासून माझी वार्षिक तपासणी ही माझ्या एकटीची राहिली नाही. माझ्या गुणांवर तिची झोप अवलंबून होती.

दर वर्षीची परीक्षा

तपासणी म्हणजे एका शांत खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोघी. पहिली दोन वर्षं एक प्रौढ मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचं शिक्षण कुठल्या माध्यमात झालं?" मी म्हटलं, इंग्रजी, अगदी पहिलीपासून. मग सगळी तपासणी इंग्रजीत झाली. काही शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. घड्याळ काढायचं. एका अक्षरापासून सुचतील तेवढे शब्द म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे. शंभरातून सात वजा करत जायचं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. टेबलाच्या पलीकडे बसणं काय असतं, ते मला पासष्टीत कळलं. पण दोन्ही वर्षी निकाल बरा लागला. दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा किंचित कमी. डॉक्टर म्हणाले, संथ आहे. मुक्ता फोनवर म्हणाली, "संथ! शब्द किती छान आहे." त्या वर्षी तुम्ही सगळे मे महिन्यात आला होता आणि ईशानने कात्रजच्या बागेत साप बघताना मला धीर दिला होता.

तिसऱ्या वर्षी त्या मॅडम निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी तन्वी नावाची तरुण मुलगी आली होती. गोड मुलगी, बोलणं भराभर.

"काकू, एकदम रिलॅक्स हं. ही काही एक्झाम नाहीये. तुमची मातृभाषा मराठीच ना?"

"मराठीच."

"मग आपण मराठीतच करू. आता आपल्याकडे मराठीतली टेस्ट आलीये. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं. माझं मराठी चांगलं आहे असा मला जरा अभिमान आहे.

शब्द ठीक गेले. घड्याळ ठीक गेलं. मग तिने 'क'पासून शब्द विचारले. कमळ, कपाट, कागद झाल्यावर माझ्या तोंडून कप आणि केटल आलं.

"काकू, केटल मराठी धरायचं का?"

"पुण्यात तरी आहे."

ती हसली, मीही हसले, आणि त्या हसण्यात वेळ संपला.

मग, शंभरातून सात. त्र्याण्णव. शहाऐंशी. आणि मी थांबले. उत्तर मला दिसत होतं, पण तोंडात येत नव्हतं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "एकोणनव्वद." ते चूक आहे एवढं मला कळलं, बरोबर काय ते कळेना. त्यातून परत सात वजा करायला लागले तर सगळंच विस्कटलं. आकडे उलटे म्हणतानाही तेच झालं. तन्वीने पाणी दिलं.

घसरण

डॉक्टर जपून बोलले. "एका मापावरून ठरवू नये. पण या वेळी घसरण अपेक्षेपेक्षा जास्त दिसतेय."

घरी आल्यावर मी मनात मोजलं. सहलीच्या वेळापत्रकानंतर तिसरी दिवाळी जवळ आली होती.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरातले सगळ्यात वाईट दिवस. आजार तेवढाच होता, पण घराने मला आजारी धरलं. मी गॅसपाशी गेले की आजोबा पाण्याचा पेला घ्यायला म्हणून मागे येऊन उभे राहायचे. त्यांना इतकी तहान आयुष्यात कधी लागली नव्हती. एके दिवशी माझ्या स्कूटरची किल्ली खिळ्यावर नव्हती.

"किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून नाही विचारलं."

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण मला भीती वाटली की न बोलण्याचं कारणच मी विसरून जाईन. हे त्यांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा रडले. त्यांना रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मुक्ताला निकाल लपवता येण्यासारखा नव्हता. सांगितल्यावर पाचव्या दिवशी ती दारात उभी होती.

मुक्ता येते

तिने बॅगसुद्धा उघडली नाही. "आई, मला आता माहीत हवंय. तुझं जर इतक्या वेगाने जात असेल तर माझ्याकडे वेळ किती ते मला कळायला पाहिजे. ईशान-रेवाला कधी, काय सांगायचं, ते मला ठरवायला पाहिजे."

"तू म्हणाली होतीस, तुला नको आहे."

"तेव्हा तुझं संथ होतं."

हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी तिच्याशी दोनदा सविस्तर बोलून घेतलं. घाईत आहात का, निकाल वाईट आला तर जवळ कोण आहे, सगळं विचारलं. मग तिने रक्त दिलं. सुई टोचताना मी तिचा दुसरा हात धरला होता. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ती माझ्याकडे बघायची. या वेळी तिने भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या एका चुकीच्या उत्तरामुळे ही इथे बसली आहे.

पट्टी

निकालाची वाट बघत होतो, तेव्हाची ही गोष्ट. रविवारची सकाळ. कुकर चढवलेला, आजोबा पेपर घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसलेले आणि मुक्ता मटार सोलत होती.

"आई, तुला नेमकं काय विचारलं होतं गं त्या दिवशी?"

"शंभरातून सात वजा करत जा म्हणाली. त्र्याण्णव, शहाऐंशी इथपर्यंत आले. पुढे ते एकोण... एकोणनव्वद म्हणाले."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि सवयीने पुटपुटले, "थ्री."

आजोबांनी पेपर खाली ठेवला.

"तुला मराठीत विचारलं होतं?"

"हो."

"आणि तू उत्तर मराठीत दिलंस?"

"मग काय फ्रेंचमध्ये देऊ?"

"वासंती, तू कुकरच्या शिट्ट्या इंग्रजीत मोजतेस. स्वेटरचे टाके इंग्रजीत मोजायचीस. लग्नात सप्तपदीला 'फोर झाली का फाइव्ह' असं मला विचारलं होतंस, गुरुजींनी चमकून पाहिलं होतं. तुला मराठीत वजाबाकी करताना मी जन्मात पाहिलेलं नाही." मग ते जरा पुढे झुकले. "हंड्रेड मायनस सेव्हन. कर."

"नाइन्टी थ्री. एटी सिक्स. सेव्हन्टी नाइन. सेव्हन्टी टू. सिक्स्टी फाइव्ह. पुढे जाऊ?"

मुक्ताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आई!"

ईशान, रेवा, हे तुम्हाला दोघांना सगळ्यात नीट कळेल, कारण तुम्हीही इथेच अडखळता. सेव्हन्टी नाइन म्हणजे एकोणऐंशी. ऐंशीला एक कमी. त्या शब्दात सात ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही. मराठीत शिकलेल्या माणसाला तो शब्द आपोआप येतो. मी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत पाढे इंग्रजीत पाठ केले. बोलते मराठीत, भांडते मराठीत, पण मोजते इंग्रजीत. मनात सेव्हन्टी नाइन आलं, त्याचं मराठी करताना शेवटचा नाइन पकडून मी नव्वदीत गेले. ही चूक मी तिसाव्या वर्षीही केली असती. केलीही असेल, तेव्हा कुणी गुण देत नव्हतं.

"गेल्या दोन वर्षी कुठल्या भाषेत होती टेस्ट?" मुक्ताने विचारलं.

"इंग्रजीत."

आजोबा उठून फेऱ्या घालायला लागले. तुम्हाला ठाऊक आहे, ते पाटबंधारे खात्यात होते आणि नोकरीच्या सुरुवातीला खडकवासल्याला होते. "धरणात पाणी मोजायला पट्टी असते. एकदा जुनी काढून नवी बसवली, आणि तिचं शून्य जरा वर बसलं. दुसऱ्या दिवशी कागदावर पाणी एकदम खाली. वरून फोन आला, पाणी गेलं कुठे? मी म्हटलं, साहेब, पाणी आहे तिथेच आहे, पट्टी बदललीये." ते माझ्यासमोर थांबले. "इतके दिवस मी तुझ्या मागे पेले घेऊन फिरतोय आणि हे मला सुचलं नाही. इंजिनिअर म्हणे."

पुन्हा एकदा

मुक्ताने लगेच हॉस्पिटलला फोन केला नाही. ती घाबरली होती की आपण आशेने वेड्यासारखं काहीतरी धरून बसतोय. सोमवारी तिघं मिळून गेलो. तन्वीने मागची कागदपत्रं काढून शेजारी शेजारी ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, मी मातृभाषा विचारली. शिकलात कशात, ते विचारायला हवं होतं. सॉरी."

"अगं, मीच म्हटलं ना, न चालायला काय झालं," मी म्हटलं. "माझी मिजास आहे ती, तुझी चूक कसली."

काही आठवडे मध्ये जाऊ देऊन तिने इंग्रजीतला दुसरा संच घेतला, म्हणजे पाठ झालेलं काही कामाला येऊ नये. वजाबाकी सुरळीत झाली. आकडे उलटे म्हणता आले. शब्द मात्र नंतर विचारल्यावर दोन आठवलेच नाहीत, आणि ते कुठल्याही भाषेत आठवले नसते. हे मी लपवत नाही.

डॉक्टरांनी तिन्ही वर्षांचं इंग्रजी एकत्र ठेवून पाहिलं. "उतार आहे. पण संथ आहे. गेल्या वर्षीसारखाच."

घरी आल्यावर आजोबांनी स्कूटरची किल्ली खिळ्यावर परत टांगली. मी ती काढून त्यांच्या हातात दिली. चांदणी चौक माझ्याने होणार नाही, हे मला माहीत होतं. मला फक्त ते स्वतः ठरवायचं होतं.

ऐकायचं की नाही

आता पंचाईत झाली ती मुक्ताची. तिने रक्त दिलं होतं माझ्या घसरणीला घाबरून, आणि घसरण तर झालीच नव्हती. समुपदेशक बाई म्हणाल्या, "निकाल आलेला आहे. पण तुम्ही अजूनही नाही म्हणू शकता. पाकीट न उघडता ठेवून देऊ."

आम्ही खडकवासल्याच्या बाजूला गेलो. आजोबा गाडीतच बसले, दार उघडं टाकून. आम्ही दोघी कणीस घेऊन कठड्याला टेकलो.

"तू काय केलं असतंस?" मुक्ताने विचारलं.

"मी ऐकलं असतं. पण मी बॅग आदल्या दिवशी भरते. तू विमानतळावर भरतेस. तुझं तू ठरव."

ती दाणे सोलत म्हणाली, "रक्त दिल्यापासून मी रोज सकाळी उठल्यावर काल काय जेवले ते आठवून बघते. एखादा शब्द सुचला नाही की वाटतं, झालं सुरू. हे मी आणखी वीस वर्षं नाही करू शकत, आई. वाईट असेल तर वाईट."

मला तिला सांगायचं होतं की नको, ऐकू नकोस, जसं आहे तसं राहू दे. ते मी कणसाबरोबर गिळलं.

त्या खोलीत

समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं आणि पुन्हा एकदा विचारलं, "ऐकायचंय ना?"

"हो."

"तुमच्यात तो दोष नाही."

एवढंच. पाणीबिणी द्यायच्या आधी, प्रस्तावना न करता. याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मुक्ताने विचारलं, "म्हणजे मुलांना?"

"तुमच्याकडे नाही, म्हणजे मुलांकडे हा जाऊ शकत नाही."

तिने तोंडावर हात घेतला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आजोबा छताकडे बघत होते. मग खाकरून म्हणाले, "म्हणजे आईच्या घरचं काहीच घेतलं नाहीस. नाकसुद्धा माझंच आहे."

समुपदेशक बाईसुद्धा हसल्या.

जिन्यात मुक्ता थांबली. "तुला आहे आणि मला नाही. मला आनंद होतोय आणि मला लाज वाटतेय."

"लाज कसली? मला विचारलं असतं, दोघींपैकी एकीला द्यायचंय, कोणाला देऊ, तर मी काय सांगितलं असतं?"

"तुला कोणी विचारलं नाही."

"नाही विचारलं. पण माझ्या मनासारखं झालं."

त्या रात्री मी गाढ झोपले. तिने तुम्हाला फोन केला तेव्हा तुमची सकाळ होती, रेवाला शाळेला उशीर होत होता आणि तुमची आई उगाचच हसत-रडत होती. ते का, ते आता तुम्हाला कळलं. म्हातारपणी विसरायला तर कुणालाही होतं, तुम्हालाही होईल. पण पणजीचं आणि माझं जे आहे, ते तुमच्याकडे येणार नाही.

बैठकीला येणाऱ्यांना एकच सांगते. तपासणीला जाल तेव्हा तुमचा माणूस मोजतो कुठल्या भाषेत, ते आधी सांगा. मातृभाषा सांगून भागत नाही.

आज

तिसरी दिवाळी येऊन गेली. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंचं नाव मला आठवत नाही, मी त्यांना नुसतं 'अहो' म्हणते आणि पुण्यात ते खपून जातं. एकटीचे प्रवास बंद आहेत. वेळापत्रक करायला आता मी बसत नाही. एकच गोष्ट मी दोनदा सांगते, तेव्हा आजोबा बोट वर करून 'दुसरी आवृत्ती' म्हणतात. हे लिहायला मला बरेच दिवस लागले आणि मधली दोन पानं मुक्ताने फोनवर ऐकून सरळ करून दिली.

बाकी मी वाचते. पुरणपोळी करते, आजोबा जवळ बसतात, पण आता पेला न घेता. त्यांचा टोमणा मला कळतो आणि उत्तर सुचतं, कधी कधी संध्याकाळी. रविवारी फोन उचलल्यावर पहिल्या श्वासावरून मला ईशान की रेवा ते ओळखता येतं. ईशानला वांगं चालत नाही आणि रेवाला अंधार चालत नाही, हे मला माहीत आहे. हा आजार माझ्यानंतर पुढे जात नाही, आणि मी अजून तुमच्याशी बोलू शकते.